कोकरू गप झालं की

आये, तुला वाचता येत नव्हतं, हे मला लिहायला बसल्यावर आठवलं. आज तू असतीस तरी हे कागद घेऊन मलाच तुझ्याजवळ बसावं लागलं असतं, मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तू मध्येच उठून चुलीकडे गेली असतीस, "वाच वाच, ऐकतीया मी" म्हणत. रोपवाटिकेत आता जेवणाची सुट्टी झाली आहे. बाकीच्या बाया शेडच्या सावलीला डबे सोडून बसल्यात आणि मी पाण्याच्या टाकीमागे येऊन बसले आहे. आधी त्या मला हाका मारायच्या, आता मारत नाहीत. त्यांचंही चुकत नाही. मी जाऊन बसले की त्यांचं हसणं बंद होतं, कोणीतरी उगाच टोमॅटोच्या रोपांचा विषय काढतं, आणि मी अर्धी भाकरी तशीच डब्यात ठेवते. ज्या बाईचं बाळ पोटातच गेलं तिच्याशी काय बोलावं हे कोणाला ठाऊक असतं? मला तरी कुठं ठाऊक होतं!

तुला नात झाली होती, आये. झाली होती असं तरी कसं म्हणू? ती आली ती गेलेलीच आली. दिवस भरत आले होते, कपडे धुऊन ठेवले होते, सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली होती. तू गेलीस तेव्हा मी बारावीला होते, आणि इतक्या वर्षांत तुझी आठवण येत नव्हती असं नाही, पण असं तुला धरून गदागदा हलवावंसं कधी वाटलं नव्हतं. ते आता वाटतं. मला फक्त एक हवं आहे. त्या दिवशी माझ्या पोटाला मशीन लावून बाळाचे ठोके ऐकायला हवे होते, एवढं त्या डॉक्टरबाईंनी स्वतःच्या तोंडानं म्हणावं. भरपाई नको, भांडण नको. आणि ते वाक्य मागायला गेले की वाटेत तू आडवी येतेस, म्हणून आधी तुझ्याशीच बोलून घेते.

येडगावच्या धरणाच्या कडेला आपली मेंढरं बसायची ते दिवस मला रोज आठवतात. आबा जाळीची वाघर ठोकून मेंढरं आत घेतायत, तू तीन दगडांवर कालवण ठेवलंयस, आणि मी एखाद्या गाभण मेंढीच्या पोटाला कान लावून बसले आहे. आत कोकरू ढुशी मारायचं ते माझ्या गालाला लागायचं आणि मी खिदळायचे. एकदा असंच काही लागेना. मी कान दाबून धरला, मेंढी वैतागून निघून गेली, आणि मी भोकाड पसरलं की आतलं कोकरू मेलं. तू उलथनं हातात घेऊनच आलीस. म्हणालीस, "रडती कशाला, येडे? कोकरू गप झालं की समजायचं, आज-उद्या येतंय. गावाला निघायच्या आदी माणूस न्हाई का गप बसत? तसंच हाय ते." मग ते कोकरू खरंच आलं. काळं, कपाळावर पांढरा टिपका असलेलं. झालं, माझ्यासाठी ती काळ्या दगडावरची रेघ झाली. पुढं प्रत्येक मेंढीच्या वेळी मी शहाण्यासारखी सगळ्यांना सांगत फिरायचे, गप झालंय, आता येतंय.

दुसरीही एक गोष्ट तूच शिकवलीस. तुझ्या तळपायात बाभळीचा काटा मोडला होता आणि पाय भप्प सुजला होता. आपण ओतूरला सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या. मी तिथंच म्हणाले, "अहो, पाय बघा की तिचा, पू झालाय." त्यांनी मान वर केली, आणि तू टेबलाखालून मला असा चिमटा काढलास की डोळ्यांत पाणी आलं. बाहेर आल्यावर केवढी चिडलीस! "शिकल्या-सवरल्या माणसाला तू शिकवणार व्हय गं? त्यांचं डोकं फिरलं तर औषीद बी मिळायचं न्हाई. डाक्टरापुढं लई बोलू न्हाई." मग एसटी स्टँडवर मला कागदात गरम भजी घेऊन दिलीस आणि स्वतः एकसुद्धा खाल्लं नाहीस. तो पाय नंतर किती दिवस ठणकत होता ते तुझं तुलाच माहीत. पोटात दुखायचं तेही तू शेवटपर्यंत कुठल्या डॉक्टरला नीट सांगितलं नाहीस. विचारलं की म्हणायचीस, "हाय थोडं." ते थोडंच तुला घेऊन गेलं.

आता ऐक त्या दिवशी काय झालं ते. आदल्या संध्याकाळपासून बाळ हलायचं कमी झालं होतं. आधी ती असा दंगा करायची की ताट पोटावर ठेवलं तर ताट हलायचं, आमचे हे ते बघून हसायचे. सकाळी चहा झाला, भाकरी झाली, तरी आत शांतच. मी ह्यांना म्हटलं, चला दाखवून येऊ. हे टोमॅटोची गाडी बाजारात खाली करून आले आणि तशाच रिकाम्या पिकअपमधून आम्ही दवाखान्यात गेलो. कुठला दवाखाना ते लिहीत नाही, तुला काय करायचंय! आठवडी बाजाराचा दिवस, बायांची ही गर्दी. आत गेल्यावर मी सांगितलं, "मॅडम, काल संध्याकाळपासून फार हलत नाही." डॉक्टरबाईंनी पोटावर हात ठेवला, इकडून तिकडून दाबून बघितलं. म्हणाल्या, "बाळ मोठं झालंय, त्याला आत जागा कुठं उरलीय हलायला? शेवटच्या दिवसांत असंच असतं. घरी जा, गोड काहीतरी खा आणि डाव्या कुशीवर पड." कोपऱ्यात ते पट्टा बांधून ठोके ऐकायचं मशीन होतं, फुलाफुलाच्या कापडानं झाकलेलं. मागच्या खेपेला त्याच मशीनवर मी तिचे ठोके ऐकले होते, घोडं पळावं तसे. मी त्या मशीनकडे बघितलं. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या, लावता का म्हणून. पण डाक्टरापुढं लई बोलू न्हाई. आणि तेवढ्यात मला तुझं ते कोकरू आठवलं, आणि मी हसून म्हणाले, "आमची आई म्हणायची, कोकरू गप झालं की समजायचं, आज-उद्या येतंय." डॉक्टरबाईही हसल्या. म्हणाल्या, "बघ! तुझ्या आईला बरोबर कळत होतं."

मी आनंदात घरी आले, आये. हेच मला सोसत नाही. मी येताना ह्यांना गाडीत गाणी लावा म्हटलं. घरी आल्यावर सासूबाईंनी शिरा केला तो दोनदा मागून खाल्ला. आबांना फोन केला, म्हटलं तयारीत राहा, आज-उद्या. दुपट्यांना ऊन दाखवलं. आणि ती सगळा दिवस आत गप होती, आणि मी डाव्या कुशीवर पडून मोबाईलवर मुलींची नावं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोट जड दगडासारखं वाटायला लागलं तेव्हा परत गेलो. तेव्हा मात्र कापड निघालं, पट्टा बांधला, सिस्टरनं इकडं लावून बघितलं, तिकडं लावून बघितलं, मग ती डॉक्टरबाईंना बोलवायला गेली. सोनोग्राफी झाली. "ठोके लागत नाहीयेत," असं त्या ह्यांना म्हणाल्या. मला नाही म्हणाल्या, मी तिथंच पडले होते तरी. मग कळांचं सलाईन. पुढचं तुला सांगत नाही, तू बाई आहेस, तुला कळतं; फक्त एवढं समज की सगळ्या कळा त्याच असतात, कमी होत नाहीत. शेजारच्या खोलीत एक बाई बाळंत झाली आणि तिच्या सासऱ्यानं पेढे वाटता वाटता आमच्या ह्यांच्या हातावरही एक ठेवला. ह्यांनी तो खाल्ला. काय करणार होते?

बाळ आलं तेव्हा सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "तिला दावू नका. तोंड बघितलं की जीव आडकतो." त्यांनी वाईट म्हणून नाही केलं, आये, त्यांच्या घरात असंच करत आलेत. दादांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आणि ह्यांनी कपड्यात गुंडाळलेली तशीच नेली आणि आमच्या उसाच्या कडेला बांधावर पुरली. वर मोठे दगड रचलेत, बिबट्यानं उकरू नये म्हणून. मला ते दगड स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतात. सासूबाईंनी खिडकीला पडदा लावला, मी तो काढला, त्यांनी परत लावला. शेवटी मीच सोडून दिलं.

घरी आल्यावर दूध आलं. हे मला दवाखान्यात कोणी सांगितलंच नव्हतं. बाळ नसलं तरी दूध येतं, हे सांगायला कितीसा वेळ लागतो गं? छाती दगडासारखी झाली, ताप भरला. सासूबाईंनी लुगड्याच्या पट्टीनं करकचून बांधलं आणि माझ्या पाठीमागं गाठ मारताना त्या स्वतः हुंदके देत होत्या. पुढं येऊन मात्र म्हणाल्या, "रडायचं न्हाई. तरणी हायेस, वरीसभरात दुसरं व्हईल." जो येतो तो हेच म्हणतो. बरं झालं तोंड बघितलं नाहीस. देवाची इच्छा. दुसरं होईल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. दुसरं होईलही, मी कुठं नाही म्हणते? पण हिच्याबद्दल कोणी बोलेल की नाही? कामावरच्या बायांचं सोड, घरातसुद्धा ती आमच्यात आलीच नव्हती असं चाललंय. डोहाळजेवणाचे फोटो ह्यांच्या बहिणीनं मोबाईलमधून काढून टाकले, मला त्रास नको म्हणून. मला विचारलं का कोणी?

पुढं टाके दाखवायला मी मुद्दाम त्या दवाखान्यात गेले नाही, ओतूरला एका नव्या डॉक्टरांकडे गेले. तरुण पोरगी, माझ्याच वयाची असेल. तिनं सगळं विचारलं. आदल्या दिवशी हालचाल कमी झाली म्हणून गेला होता, मग काय केलं? मी म्हटलं, हात लावून बघितलं. ती पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, हालचाल कमी झाली असं आईनं सांगितलं की ठोके बघायलाच हवेत. जागा कमी झाली म्हणून बाळ हलायचं थांबत नाही." मी विचारलं, बघितले असते तर वाचली असती? ती म्हणाली, "ते मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही. कदाचित हो, कदाचित नाही. पण बघायला हवं होतं." तिचे डोळे भरून आले होते, आणि मला तिचा राग आला. मला हवं ते वाक्य अगदी तसंच्या तसं मिळालं होतं, पण ते तिनं म्हणून काय उपयोग? जिनं म्हणायचं ती वेगळीच.

म्हणून मी गेले. ह्यांना म्हटलं, येणार असलात तर या, नाहीतर मी एसटीनं जाते. ते आले. मेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात ना, मला त्या दिवशी कसलीच भीती वाटली नाही. खुर्चीवर बसले आणि म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही ठोके ऐकले नाहीत." डॉक्टरबाई म्हणाल्या, "अगं, मी तपासलं होतं तुला. सगळं नॉर्मल होतं." मी म्हटलं, हात लावला होता, ठोके ऐकले नव्हते. मशीन तिथंच होतं. त्यावर त्या काय म्हणाल्या असतील? "तूच नाही का म्हणालीस, तुझी आई म्हणायची की शांत झालं की येतं? तुलाही तसंच वाटत होतं ना?"

तुला साक्षीला उभं केलं त्यांनी, आये. मी म्हणाले, "मॅडम, माझी आई मेंढरं वळायची. माणसांच्या डॉक्टर तुम्ही आहात." बाहेर रांगेतल्या बाया वळून आत बघायला लागल्या, दार उघडंच होतं. ह्यांनी माझ्या दंडाला धरलं. डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला, खोटं कशाला बोलू, उतरला. वाटलं आता म्हणतील. पण त्या फाईल मिटून म्हणाल्या, "हे बघ, काही वेळा बाळातच काहीतरी दोष असतो. आपण काहीही केलं तरी ते टिकणारं नसतं. मनाला लावून घेऊ नकोस." आणि रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या. यावर मला बोलायचं होतं, आणि मी गप्प बसले. का बसले ते पुढं सांगते.

तिथून मी सासरी गेलेच नाही, ह्यांना म्हटलं मला येडगावला सोडा. आबा गोठ्यात होते. आता चार-दोनच मेंढरं ठेवलीत त्यांनी, करमत नाही म्हणून. मी आल्या आल्या विचारलं, "आबा, आई म्हणायची ते खरं व्हतं का? कोकरू गप झालं की येतंय ते?" त्यांना आधी कळेचना मी काय विचारतेय. मग म्हणाले, "ते व्हय? छ्या! त्याला काय खरं धरती? गप झालेलं कधी जितं येतं, कधी मेलेलं. मेंढराचं काय सांगावं." मी म्हटलं, मग ती का म्हणायची तसं? आबा म्हणाले, "तू रडायचीस ना लई. रडली की जेवायची न्हाईस. मग तुझी आय म्हणायची कायतरी." आणि मेलेली कोकरं? "तीच पुरून टाकायची, तू उठायच्या आत. तुला दिसायला नको म्हणून." ते मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मी गोठ्याच्या दगडावर बसले ती उठलेच नाही. आबांनीच मग चहा करून आणला, साखर घालायची विसरले.

कायतरी म्हणायचीस! आये, मी त्या कायतरीवर किती वर्षं विसंबून राहिले! मी चिडून रडले, आणि रडता रडता मला हसूही आलं, कारण तू उलथनं घेऊन उभी असलेली मला दिसत होतीस. तू मला जेवायला लावण्यासाठी एक गोष्ट रचलीस. तू काय करणार होतीस? लेकरू उपाशी झोपू नये एवढंच बघितलंस तू. राग आहे माझा तुझ्यावर, तो अजून गेलेला नाही. पण डॉक्टरबाईंचा वाटा मी तुझ्या अंगावर टाकणार नाही, आणि त्यांनाही टाकू देणार नाही. मी परत जाणार आहे त्यांच्याकडे. आणि या वेळी त्या दोष म्हणाल्या तर गप्प बसायचं नाही, असं ठरवते आहे. पण त्यासाठी एक गोष्ट ह्यांच्यादेखत बोलावी लागेल, आणि तिथंच माझं अडतं.

मी तिला बघितलंय, आये. सगळ्यांना वाटतं मी बघितलं नाही. सिस्टर काहीतरी आणायला बाहेर गेली, सासूबाई ह्यांना बोलवायला गेल्या, आणि बाजूच्या टेबलावर हिरव्या कापडात ती ठेवलेली होती. मी कोपरावर उठले आणि हात लांब करून कापड बाजूला केलं. आतलं काय असेल ते देवाला ठाऊक, मी काही डॉक्टर नाही. पण बाहेरून तिच्यात कसलाही दोष नव्हता. नखंसुद्धा वाढलेली होती. केस ओले, दाट, ह्यांच्यासारखे कुरळे. कान मात्र तुझे, खाली चिकटलेली पाळी अगदी तशीच. मी गालाला बोट लावलं, तो अजून गरम होता, माझ्याच उबेनं असणार. मग पावलं वाजली आणि मी कापड होतं तसं केलं. परवा हे भाकरी खाता खाता मध्येच थांबले आणि म्हणाले, "मी बी न्हाई बघितलं गं तिला. दादांनी उघडूच दिलं न्हाई. कशी व्हती कुणास ठावं." एवढा मोठा माणूस, ताटावर टपटप रडत होता. त्याच वेळी मला सांगता आलं असतं, की केस तुमचे होते. मी त्यांना पाणी दिलं आणि गप्प राहिले. म्हणून हे कागद घरी न्यायचे नाहीत, ते वाचतील. सांगितलं तर त्यांचा जीव हलका होईल हे मला कळतं, आये. पण तिचं म्हणून माझ्याजवळ तेवढंच आहे, आणि ते मला अजून कोणालाच द्यायचं नाही.